माहीत असलेली तारीख

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत शाळेची होती. पलीकडे पहिलीचा वर्ग भरायचा, अलीकडे आईची चूल. भिंत मातीची आणि जाड असली तरी वर, पत्र्याखाली, हात जाईल एवढी फट होती. शाळेचा सगळा आवाज त्या फटीतून घरात यायचा. पाढे सुरू झाले की आई वरणाला फोडणी द्यायची. कविता सुरू झाली की भाकरी थापायला घ्यायची. ती स्वतः तिसरीपर्यंत शिकली होती. पण चौथीच्या पुस्तकातल्या कविता तिला येत होत्या आणि भाकरी उलटताना ती त्या पुटपुटत असे. बाबा त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. गावात त्यांना गुरुजी म्हणत आणि आईसुद्धा दुसऱ्यांशी बोलताना गुरुजीच म्हणायची. आमचं गाव रिठदहून रिसोडला जाताना मध्ये लागतं. आता त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर सोयाबीन असतं. तेव्हा ज्वारी होती, तूर होती आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंतीपलीकडे काहीही नसे. कबुतरं घुमायची, तेवढंच. जूनचा निम्मा महिना उलटला की बाबा कुलूप काढत. वर्षाचा पहिला आवाज म्हणजे खराट्याचा. मग चौथीतून पास होऊन गेलेल्या मुली शेणाचे पो घेऊन यायच्या आणि जमीन सारवायच्या. मुलं गावभर फिरून टॉर्चचे संपलेले सेल गोळा करायची. ते दगडानं फोडून आतली काळी पूड काढायची, तिच्यात कोळसा वाटून घालायचा, पाल्याचा रस घालायचा आणि फडक्यानं तो लेप फळ्यावर द्यायचा. फळा वाळेपर्यंत वर्गात कोणी जायचं नाही. मुलांचे हात पुढं आठवडाभर काळे दिसत. त्याच दिवसांत समोरच्या ओट्यावर हनीफचाचांचं शिलाई मशीन सकाळपासून चालू असे. वर्षभर त्यांच्याकडं बंड्या, पायजमे आणि लग्नातले ब्लाउज यायचे, पण जूनमध्ये फक्त खाकी आणि पांढरं. जेवणात ताजी भाजी नसायचीच. उन्हाळ्यात घातलेल्या मुगवड्यांची भाजी, ठेचा, बेसन, आणि आंबे संपत आलेले असले तर पातळ रस. माझा धाकटा भाऊ त्या वर्षी नुकता चालायला लागला होता. तो सारवलेल्या ओल्या जमिनीवरून चालत जाई आणि मुली ओरडत.

मला त्या वर्षी शाळेत जायचं होतं. म्हणजे माझी तशी समजूत होती. फटीतून ऐकून मला दहापर्यंतचे पाढे येत होते, पहिलीच्या सगळ्या कविता येत होत्या, वर्गात कोण किती मार खातो तेही ठाऊक होतं. आईनं पाटी आणून ठेवली होती. हनीफचाचांची मुलगी जमिला माझी मैत्रीण. आम्ही एकाच ओट्यावर वाढलो. तिचीही पाटी आली होती. कोणी कुठं बसायचं हे आमचं ठरलं होतं. मी भिंतीकडच्या बाजूला बसणार होते, कारण आईनं चुलीशी काय चालवलंय ते मला तिथून कळलं असतं.

गावातल्या बहुतेक मुलांचा जन्म कोणी लिहून ठेवलेला नसे. मूल घरात जन्मायचं, सुईण यायची, बारसं व्हायचं. विचारलं तर उत्तर मिळायचं की गावात हागवणीची साथ आली त्या साली, किंवा पाटलाची विहीर लागली त्या वर्षी. पहिलीत यायला सहा वर्षं पूर्ण हवीत, हा नियम. म्हणून बाबा त्या काळच्या सगळ्या मास्तरांसारखे कान बघत. मुलानं उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला तर सहा पूर्ण. मग बाबा रजिस्टरात एक जून अशी जन्मतारीख टाकत. आमच्या पिढीतले कितीतरी लोक असे एक जूनला जन्मले आणि त्याच तारखेच्या हिशोबानं एकत्र सेवानिवृत्त झाले. मी पुढं वर्तमानपत्रात नोकरी केली. तिथं निरोप समारंभाच्या बातम्या मे महिन्याच्या अखेरीस ढिगानं येत आणि तरुण सहकारी नवल करत. मी कधी खुलासा केला नाही.

ज्या मुलाची तारीख माहीत असेल त्याला मात्र कानाचा नियम लागू नव्हता. तारीख असेल तर तारीख, नसेल तर कान. बाबा हे फार काटेकोरपणे पाळत. आदल्या वर्षी पोलीस पाटलांचा नातू रिसोडच्या दवाखान्यात जन्मलेला म्हणून त्याचा कागद निघाला. थोडेच दिवस कमी पडत होते. पोराचा कान सहज लागत होता. बाबांनी त्याला परत पाठवलं आणि पाटील पुढं कित्येक महिने बाबांशी बोलले नाहीत.

शाळा उघडली त्या दिवशी मी आणि जमिला ओसरीवरच्या रांगेत उभ्या होतो. आयांनी हळदीकुंकू वाहिलेल्या पाट्या आणल्या होत्या. कोणी नारळ आणला होता, कोणी गुळाचा खडा. बाबा टेबलाशी बसून एकेकाला पुढं बोलावत होते. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्म. जन्म विचारला की आई किंवा बाप हसायचा, आणि बाबा म्हणायचे, "कान लाव." जमिलाचा हात कानाला लागला. हनीफचाचा म्हणाले, "हो गया?" बाबा म्हणाले, "झालं." मग मी पुढं झाले आणि न सांगता हात डोक्यावर नेला.

"हात खाली घे," बाबा म्हणाले. "तुझी तारीख मला माहीत आहे. काही दिवस कमी पडतात. पुढच्या वर्षी."

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहून पुन्हा तेच शब्द त्याच आवाजात सांगितले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मागं पोलीस पाटलांचा नातू उभा होता. त्याला त्या दिवशी प्रवेश मिळाला. मी पाटी घेऊन घरी आले. भिंतीला वळसा घालून यायचं, एवढंच अंतर.

पटावर नाव नसताना वर्गात बसलेली मुलं तपासणीत आढळली होती म्हणून वरून ताकीद आलेली होती. त्यामुळं नुसतं जाऊन बसण्याचीही सोय नव्हती. मी चुलीपाशी बसायची आणि भिंतीपलीकडे बाबांनी प्रश्न विचारला की अलीकडून उत्तर द्यायची. माझं उत्तर फटीतून पलीकडे जायचं. पहिल्या दिवशी वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी बाबांनी दुपारी येऊन आईला सांगितलं की हिला गप्प बसव. आईनं मला काही सांगितलं नाही. मी आपणच बोलणं बंद केलं. जमिला सुट्टीत यायची आणि आज काय झालं ते सांगायची. मला ते सगळं आधीच ऐकू आलेलं असायचं, तरी ती सांगायची आणि मी ऐकायची.

त्या आठवड्यात एकदा संध्याकाळी बाबा जेवत होते. आई वाढत होती. आमच्याकडं जेवताना फार बोलणं नसे, म्हणून ते बोलणं लक्षात राहिलं.

"जमिलाले घेतलं म्हनते तुमी," आई म्हणाली.

"कान लागला तिचा."

"थे आपल्या सुमीहून लहान हाये."

"कशावरून?"

"थे झाली तवा मी हिले काखेत घेऊन पाह्यले गेल्ती. हनीफभाऊनं शिरा केल्ता. हिनं माह्या बोटावरचा चाटला."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुझ्याकडं जमिलाची तारीख आहे?"

"नाई."

"हनीफकडं?"

"त्याच्यापाशी कुठून रायते?"

"मग कानच बघावा लागतो."

"आन सुमीची?"

"सुमीची मला माहीत आहे."

आईनं वरण वाढलं. "म्हंजे ज्याच्या बापाले माहीत हाये, थ्या लेकरानं घरी बसाव. आन ज्याच्या बापाले ठाव नाई, थ्यानं शाळेत जाव."

"नियम तसा आहे. पाटलाच्या नातवाला लावला तो घरच्या मुलीला नाही लावला, तर उद्या गावात मी कोणत्या तोंडानं फिरू?"

आईला यावर बोलता आलं असतं. तिच्यापाशी एक गोष्ट होती आणि ती मी जन्मल्यापासून तिनं सांगितली नव्हती. त्या संध्याकाळीही सांगितली नाही. ती भाकरी टाकायला चुलीकडं वळली. पुढं तिनं मला सांगितलं की तेव्हाच तिचं ठरलं होतं. मामा बाजाराला येईल तेव्हा, आणि त्याच्या तोंडूनच.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो रिठदला शेती करायचा आणि रिसोडच्या बाजाराला जाताना सायकल आमच्याकडं थांबवायचा. चहा घ्यायचा, माझ्या भावाला उचलून हवेत फेकायचा आणि जायचा. माझा जन्म रिठदचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याप्रमाणं. बाबा तेव्हा इथंच होते. शाळा उघडण्याचे दिवस होते. माझ्या जन्माची बातमी त्यांना मामानं आणून दिली आणि त्यांनी ती तारीख डायरीत लिहून ठेवली. बारशालाही त्यांना जाता आलं नाही, शाळा नुकतीच सुरू झाली होती. त्यांनी मला पाहिलं ते त्यानंतर. नोकरीत मला पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं की एकाच माणसाकडून आलेली माहिती दुसरीकडून ताडून घेतल्याशिवाय छापायची नाही. बाबा अतिशय नेमके होते, पण त्यांची ती तारीख एकाच माणसाच्या सांगण्यावर उभी होती.

त्या बाजाराच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाबा घरी होते. मामा आला. आईनं त्याला चहावर सोडलं नाही, जेवायला बसवलं. मुगवड्यांची भाजी, कांदा, तव्यावरची गरम भाकर. तिनं त्याला पोटभर जेवू दिलं. जेवणाऱ्या माणसाला ती कधी काही विचारत नसे. तो हात धुऊन सुपारी कातरायला बसला, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "रामा, सुमी झाली तवा तू गुरुजीले सांगाले कवा आल्ता?"

"झाली तवाच आल्तो."

"त्याच दिशी?"

मामानं सुपारी कातरणं थांबवलं नाही. "त्याच दिशी कसा येईन? पेरनी चालू व्हती. बाजाराच्या दिशी आलो. वाटेवरच तं पडते."

"आन बबन झाला तवा?"

बबन म्हणजे माझा भाऊ. त्याचंही बाळंतपण रिठदलाच झालं होतं. "बबनच्या वक्ती तं अंधार पडाच्या आंधीच आल्तो नं," मामा म्हणाला. "पेढे घेऊन. चेन तुटली व्हती सायकलची, हातानं ढकलत आनली इथलोक."

"तवा वेचनी चालू व्हती," आई म्हणाली. "कापूस वावरात फुटून पडला व्हता."

"व्हता की."

"मंग सुमीच्या वक्तीच काहून थांबला?"

मामानं वर पाहिलं. त्याला प्रश्नात काही अवघड वाटत नव्हतं. "पोरगी व्हती ताई," तो म्हणाला. "काय घाई व्हती?"

तो हे वाईट बुद्धीनं बोलला नाही. मला त्याच्याबद्दल कधी राग आला नाही आणि त्यानं माझे पुष्कळ लाड केले. मी त्याचं वाक्य जसं होतं तसं लिहिते आहे. बाबा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"तू मला म्हणाला होतास, काल झाली."

"म्हनलो असन भाऊजी."

"काल नव्हती झाली?"

"काल कुठची? चार दिस आंधी असन. पाच असन. हप्ताही असन. पेरनीच्या धांदलीत कोनाले ध्यान रायते?"

"नेमकं सांग."

"आता इतक्या वर्षानं नेमकं काय सांगू? एवढं काय बिघडलं थ्यानं?"

बाबांनी आईकडं पाहिलं. "तुला तारीख माहीत आहे?"

"बाळंतिनीच्या खोलीत कोनी कॅलेंडर टांगत नाई," आई म्हणाली.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

आईनं मामाचं ताट उचललं. उत्तर तिच्या माहेराबद्दल होतं, आणि नवऱ्यासमोर ते एकदा बोललं की परत घेता येत नाही. मला वाटतं, बाबांना ते विचारल्या विचारल्याच कळलं असावं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते उठले, कपाटातली जुनी डायरी काढली, उभ्यानंच एक पान पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिली. मामा बाजाराला निघाला. आईनं त्याला नेहमीसारखी डब्यात चटणी बांधून दिली. तिच्या वागण्यात काही फरक नव्हता. तो गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे तारीख माहीत नाही."

"नाई," आई म्हणाली. "आता नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं बबनला हनीफचाचांच्या घरी ठेवलं, चूल विझवली, डोक्यावर पदर घेतला आणि माझा हात धरून भिंतीला वळसा घातला. भिंतीच्या त्या बाजूला ती तोपर्यंत वर्ग भरलेला असताना कधी गेली नव्हती. बाबांना ती येणार हे ठाऊक नव्हतं. ते टेबलाशी उभे होते. त्यांनी तिला, दुसऱ्या कुठल्याही पालकाला पाहावं तसं पाहिलं, खाली बसले आणि रजिस्टर उघडलं.

"मुलीचं नाव?"

"सुमन."

"वडिलांचं नाव?"

तो प्रश्न त्यांनी सवयीनं विचारला. विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घ्यावं लागतं तेवढंच, आणि आई तेव्हाही तोंडात पुटपुटायची. वर्गातल्या जरा मोठ्या मुलींना हे कळलं आणि त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. बाबांना ते स्वतःच लिहून टाकता आलं असतं. त्यांनी टाक उचललाही.

"नारायण," आई म्हणाली. सरळ, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. मी तिच्या तोंडून ते नाव त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

बाबांनी लिहिलं. वर न बघता त्यांनी विचारलं, "जन्मतारीख?"

"माहीत नाई."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी टाक खाली ठेवला. "कान लाव," ते मला म्हणाले.

मी हात डोक्यावरून नेला. मी मान ताठ ठेवून उभी होते, घरी आम्हाला तसंच उभं राहायला शिकवलेलं होतं. बोटं केसांवरून खाली गेली आणि कानाच्या वर थोडी थांबली. मी खांदा वर केला. तरी पोचेनात. वर्गात कोणी हसलं नाही. सगळे माझ्या बोटांकडं बघत होते. आई दारातच उभी होती. बाबाही बघत होते. त्यांना काय बोलावं लागणार आहे ते सगळ्यांना कळत होतं.

"मान वाकडी कर नं," जमिला म्हणाली. ती पहिल्या रांगेत पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिला ती काही गुपित सांगते आहे असं वाटत नव्हतं. "मी बी तशीच केल्ती. समदे तसंच करतात."

आजकाल मी जूनमध्ये शाळांचे प्रवेशोत्सव पाहते. पहिलीच्या मुलांच्या पायांचे रंगीत ठसे कागदावर घेतात, फुगे बांधतात, बैलगाडीतून मिरवतात. प्रत्येकाचा जन्मदाखला असतो, आधार असतं. कोणाला हात डोक्यावरून न्यावा लागत नाही. ते चांगलंच आहे. मला फक्त एवढं नोंदवायचं आहे की त्या जुन्या पद्धतीत पाहणाऱ्याच्या नजरेचाही थोडा भाग होता. बाबा इतकी वर्षं कान बघत होते. मुलं मान वाकडी करतात हे त्यांना दिसत नसेल, असं मला मानता येत नाही.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग ते वळले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर हनीफचाचांचा ओटा होता आणि ओट्यावर कोणी नव्हतं. मी मान वाकडी केली. बोटं कानाला लागली. मी कान धरून ठेवला. आई तोपर्यंत दारातून निघून गेली होती. पोरांतून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, लागला."

"लागला," बाबा म्हणाले. मग त्यांनी तोंड वर्गाकडं फिरवलं, रजिस्टर पुढं ओढलं, एक जून अशी तारीख लिहिली, आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली, "पुढचा."

माझ्या मागं कोणीच नव्हतं.